काहीतरी स्ट्राँग द्या

अंबडला माणूस दोनच ठिकाणांहून येतो: कारखान्यातून नाहीतर शेतातून. उरलेले सगळे त्यांचे नातेवाईक. हे जालना जिल्ह्यातलं अंबड नव्हे. हे नाशिकचं, पांडवलेण्यांच्या शेजारचं, एका अंगाला एमआयडीसी आणि दुसऱ्या अंगाला सिडको असलेलं. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. ते नाव गेलं, बागेची हौस राहिली. जागा तेवढी गेली.

सिडकोचं घर मुळात बेताचं. ताबा मिळाला की माणूस आधी पुढे पोर्च काढतो, मग मागे एक खोली, मग वर जायला जिना, मग जिन्याखाली पाण्याची मोटार. इतकं झाल्यावर जो पट्टा उरतो त्याला बाग म्हणायची पद्धत आहे. त्या पट्ट्यात जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, पपई, गुलाब, मोगरा आणि शेवगा दाटीवाटीने उभे असतात. शिवाय सासूबाईंनी लावलेलं एक सीताफळ असतं, ते काढायचं कोणाचं धाडस होत नाही. एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याची शेजाऱ्याच्या भिंतीवर. पोस्टाच्या दृष्टीने ती वेगवेगळी घरं असतील, किडीच्या दृष्टीने सगळी गल्ली एकच, आणि तिला कुठेही जाताना रस्ता ओलांडावा लागत नाही.

त्यातून ही कीड अंबडची. ती शिफ्टमध्ये काम करते.

पहिल्या शिफ्टला मावा. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर, कण्हेरीच्या फुटव्यावर सकाळी बघावं तर हिरव्यापिवळ्या ठिपक्यांची हजेरी पूर्ण लागलेली असते. मनुष्यबळाचा प्रश्न माव्याने कायमचा सोडवलेला आहे. आपल्या हवेत माव्याच्या माद्यांना नर लागत नाही. त्या अंडी घालत बसत नाहीत, थेट पिल्लं देतात आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिल्लांची तयारी आधीच सुरू झालेली असते. आजी, आई आणि नात एकाच देहात कामावर रुजू. जाहिरात नाही, मुलाखत नाही, प्रोबेशन नाही.

जनरल शिफ्टला पिठ्या ढेकूण. द्राक्षवाल्यांच्या सहवासाने अंबडमध्ये त्याला मिलीबगच म्हणतात. हा कायम कामगार. एकदा जास्वंदीच्या बेचक्यात बसला की हलत नाही, आणि हलवायला गेलं तर अंगावरच्या पांढऱ्या मेणामुळे फवाऱ्याचं पाणी ओघळून जातं. मादीच्या कापशी पिशवीत शेकडो अंडी असतात. बाहेर पडलेली पिल्लं इतकी बारीक, की वाऱ्यावर, मुंगीबरोबर किंवा आपल्याच शर्टाच्या बाहीवर बसून शेजारच्या झाडावर बदली करून घेतात.

तिसऱ्या शिफ्टला शेवग्याचे केसाळ सुरवंट. दिवसा खोडावर गटागटाने चिकटून विश्रांती, रात्री वर जाऊन पानं फस्त. त्यांच्या जोडीला पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघणारे हुमणीचे भुंगेरे, तेही अंधार पडल्यावरच कामावर येतात. सकाळी मालक बाहेर येतो तेव्हा झाडाची चाळण झालेली असते आणि जागेवर कोणी सापडत नाही.

या सगळ्यांच्या वर ठेकेदार असतो: मुंगी. मावा आणि मिलीबग झाडाचा रस इतका पितात की पचून उरलेला गोड चिकटा त्यांना बाहेर टाकावा लागतो. तो पानांवर सांडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि झाड काजळी फासून उभं राहतं. हा चिकटा मुंग्यांना हवा असतो. त्यासाठी त्या या मंडळींचं रक्षण करतात, कोणी खायला आलं तर हुसकावतात आणि पिल्लांना नव्या कोंबावर नेऊनही सोडतात. मुंगी स्वतः जास्वंदीचं पान तोडत नाही. ठेकेदार स्वतः कुठे काम करतो?

एवढी व्यवस्थित आस्थापना मोडून काढायची तर समोरही तोलामोलाची माणसं हवीत. ती आमच्या गल्लीत आहेत.

पहिले क्वालिटीवाले काका. आयुष्य कारखान्याच्या गुणवत्ता विभागात गेलं. निवृत्तीनंतर हाताखाली माणूस उरला नाही म्हणून त्यांनी जास्वंद हाताखाली घेतली. ती साधी जास्वंद नव्हे. गल्लीच्या मंडळाच्या गणपतीला लाल फुलं त्याच झाडावरून जातात. म्हणजे कामाला मुदत होती. एप्रिलमध्ये झाडाचे शेंडे आकसले, कळ्या गळू लागल्या आणि काकांनी व्हाय-व्हाय ॲनालिसिस लावला. पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण सापडतं, हा जपानहून कारखान्यात आलेला आणि तिथून थेट अंगणात उतरलेला नियम. जास्वंद का सुकली? मिलीबगमुळे. मिलीबग इतका का वाढला? मुंग्यांनी जपला म्हणून. मुंग्या का आल्या? गोड होतं म्हणून. गोड कशामुळे? मिलीबगमुळे. काका पाचव्या 'का'पाशी पोचले तेव्हा काकूंनी चहाला हाक मारली. या शास्त्रात याहून अचूक निष्कर्ष कृषी विद्यापीठालाही काढता आला नसता. पण कागदावर गोल झाल्यामुळे काकांनी तो बाद केला.

दुसरे मामा. हे शेजारच्या वहिनींचे भाऊ, निफाडकडचे द्राक्षबागायतदार, आणि सगळ्या गल्लीचे मामा. मामांचं कॅलेंडर जानेवारीत सुरू होत नाही, छाटणीला सुरू होतं. ऑक्टोबर छाटणीपासूनचा कितवा दिवस, यावर त्यांच्या आयुष्यातले सगळे निर्णय ठरतात, मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा. जास्वंदीपुढे उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "छाटणी कधीची?" काका म्हणाले, "कुणाची?" दोन वेगळ्या संस्कृती समोरासमोर आल्या की पहिला संवाद असाच होतो.

मामांना किडीची ओळख लागत नाही. त्यांचं शेड्यूल ठरलेलं असतं. कीड आली तर फवारणी असतेच, आणि नाही आली तर ती येऊ नये म्हणून असते. पण मामांना अडाणी समजू नका. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले, माल अडकला आणि बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. तेव्हापासून निफाड-दिंडोरीचा शेतकरी पीपीएम, एमआरएल, रेसिड्यू हे शब्द खात्यापित्या घरच्या मुलांच्या नावांइतक्या सहज घेतो. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे पीएचआय, हे मामांना प्रत्येक औषधागणिक तोंडपाठ. नेदरलँड्समधल्या अनोळखी माणसाच्या पोटात काय जाईल याची काळजी घेणारा हा माणूस.

आणि हाच माणूस बहिणीकडे येताना कोल्ड्रिंकच्या बाटलीत बागेतलं उरलेलं औषध घेऊन येतो. "थोडं राहिलं होतं, कशाला वाया घालवा? कढीपत्त्यावर मारून टाका." बाटलीवर नाव नाही, प्रमाण नाही, असलाच तर जुन्या सरबताचा एक हसरा आंबा. मारलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच कढीपत्त्याची फोडणी पोह्यांना, आणि पोहे मामांना. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाला पीएचआय असतो, बहिणीच्या कढीपत्त्याला नसतो. वहिनींनी ती बाटली फ्रिजजवळही येऊ दिली नाही. मामांच्या हाती तशीच परत दिली, हे त्या घरातलं त्या वर्षातलं सर्वांत यशस्वी कीड नियंत्रण.

तिसऱ्या एक काकू, पूर्ण नैसर्गिक. त्यांच्या गच्चीवर दशपर्णी अर्काचा ड्रम आहे. कडुनिंब, निर्गुडी, करंज, रुई, एरंड, सीताफळ, पपई, घाणेरी, कण्हेर, गुळवेल असा दहा झाडांचा पाला, त्यात शेण आणि गोमूत्र, आणि हे सगळं साधारण महिनाभर रोज ढवळत आंबवायचं. शेतात ठीक आहे, तिथे ड्रम आणि माणूस यांच्यात दोन एकरांचं अंतर असतं. इथे ड्रम आणि शेजाऱ्याची बेडरूम यांच्यात सिडकोची एक भिंत. दशपर्णीने कीड पळते का, यावर गल्लीत मतभेद आहेत. पाहुणे पळतात, यावर एकमत आहे.

काकांना मात्र नैसर्गिक नको होतं. त्यांना निकाल हवा होता. ते जास्वंदीची फांदी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीवर तारीख, वेळ आणि 'नमुना क्र. १' लिहून कृषी सेवा केंद्रात गेले.

"काहीतरी स्ट्राँग द्या," काका म्हणाले.

"कोणतं पीक?" दुकानदाराने विचारलं.

"जास्वंद."

"किती?"

"एक."

"एकर?"

"झाड."

दुकानदाराने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती फक्त ठोक विक्रेत्याला येते. त्याच्या दुकानातली सगळी गणितं एकरात, आणि अंबडच्या सगळ्या बागा वर्गफुटात. सगळ्यांत छोटी बाटली आणली तरी ती एका जास्वंदीला तीन पिढ्या पुरते. बाटलीवर एक तिरका चौकोन छापलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असला तर औषध अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्या मानाने सौम्य. काकांनी बाटल्या फिरवून फिरवून हिरवी शोधली आणि घरी येऊन समाधानाने जाहीर केलं की शाकाहारी मिळालं. मग लेबलवरच्या हेक्टरी प्रमाणाचं एका झाडाशी त्रैराशिक मांडलं. उत्तर थेंबात आलं. मोजायला त्यांनी स्वयंपाकघरातला चमचा मागितला. काकू म्हणाल्या, "न्या. पण तो परत आत येणार नाही. आणि तुमचाही विचार करावा लागेल."

'स्ट्राँग' या मागणीची गोम अशी, की किडीने डोळ्यांदेखत मरावं अशी आपली इच्छा असते. निंबोळी अर्क लोकांना पटत नाही तो यामुळेच. शेतातलं प्रमाण शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्या, म्हणजे घरच्या एका लिटरला पन्नास ग्रॅम. कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळून ठेवायचं, चिमूटभर साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर फवारायचं, कारण उन्हात त्यातलं अझाडिरॅक्टिन टिकत नाही. एवढं सगळं करून काका भिंग आणि घड्याळ घेऊन झाडासमोर बसले. किडे होते तिथेच. निंबोळी किडीला सहसा तिथल्या तिथे मारत नाही. तिची खाण्याची वासना जाते, आणि कात टाकायची वेळ आली की टाकता येत नाही. ती काही दिवसांत संपते, पण गाजावाजा न करता. काकांनी नोंदवहीत शेरा मारला: 'परिणाम नाही. कीड विचारमग्न.'

त्यात जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि कडुनिंबाची उरलीसुरली अब्रूही गेली. गल्लीच्या टोकाला मोठा कडुनिंब आहे. ज्याचा पाला टाकून आपण धान्य साठवतो, गुढीपाडव्याला ज्याची पानं तोंड वाकडं करून खातो, ज्याच्या नावाने निम्मी सेंद्रिय दुकानं चालतात, तो. पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून हुमणीचे भुंगेरे निघाले आणि घोंघावत थेट त्याच झाडावर गेले. हुमणीच्या भुंगेऱ्यांना कडुनिंब आणि बाभूळ विशेष आवडतात. रात्रभर पाला कुरतडल्याचा आवाज. शेतकरी अशा वेळी फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडतात आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतात, कारण एकेक मादी पुढे जमिनीत अंडी घालते आणि त्यांच्या अळ्या उसाची, भुईमुगाची मुळं खातात. आमच्याकडे काका कंदील घेऊन, काकू बादली घेऊन आणि मुलं परीक्षा संपल्याच्या आनंदात आली. मामा म्हणाले, "काका, कडुनिंबाचा अर्क कडुनिंबावर मारून बघा." काकांनी वहीत लिहून घेतलं.

याच सुमारास लिंबाच्या झाडावरून धर्मसंकट उभं राहिलं. एका काकूंनी पानांवरची पक्ष्यांची घाण फडक्याने पुसायला घेतली, तर एका घाणीने डोक्यामागून नारिंगी शिंगं काढली आणि उग्र वास सोडला. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि दोन्ही वयांत लिंबाचा पाला सारख्याच निष्ठेने खाते. काकूंचं म्हणणं, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. बागेचं पुस्तकही तेच सांगतं, लहान झाडाला हाताने वेचण्यासारखा उपाय नाही. पण त्यांची नात सातवीत, तिचा फुलपाखराचा प्रकल्प, आणि तिने अळ्यांना नावं देऊन टाकलेली. तिने सभेत सांगितलं की महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य, आणि ब्लू मॉरमॉनची अळीदेखील लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. म्हणजे ज्याला फुलपाखरू म्हणून सरकारी मान, त्याच्या बाळाला आजीच्या लोणच्याच्या नावाखाली जलसमाधी? काकूंनी तडजोड केली. पाच अळ्या प्रकल्पाला, बाकीच्या पाण्याला. त्या पाच कोणत्या, हे नातीने ठरवायचं. तिने झाडावरच्या सगळ्याच निवडल्या.

खरा प्रसंग घडला तो जास्वंदीवर. एका सकाळी काकांना मिलीबगमध्ये काही वेगळे नग दिसले. तसेच पांढरे, पण मोठे, अंगावर मेणाच्या लांब झालरी, आणि मुख्य म्हणजे भराभर चालणारे. काकांनी त्यांची नोंद 'मेजर डिफेक्ट' म्हणून केली आणि चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकायला सुरुवात केली. काम तडफेने चाललं होतं. तेवढ्यात मामा आले आणि फाटकातूनच ओरडले, "अहो काका, थांबा! तो आपला माणूस आहे!"

तो क्रिप्टोलिमस. द्राक्षवाले त्याला लाडाने क्रिप्टो म्हणतात. हा एक ढालकिडा. मोठेपणी काळसर, डोकं नारिंगी, पण बालपणी हुबेहूब मिलीबगचा वेष. मिलीबगमध्ये राहतो, मिलीबगचाच कपडा घालतो आणि मिलीबगच खातो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणला. आता इथलाच झाला आहे. "आम्ही याला विकत आणून बागेत सोडतो," मामा म्हणाले, "आणि तुम्ही बुडवताय!" काकांनी पाण्यात पाहिलं. आयुष्यभर चांगला माल पास आणि खराब माल बाद केलेल्या माणसाने इथे उलट शिक्का मारला होता. क्वालिटीच्या माणसाला याहून मोठा धक्का नाही. त्यांनी चहा नाकारला.

पण काका अभ्यासू. त्यांनी वाचायला घेतलं आणि मग आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा खवले किडीने बुडत होत्या, तेव्हा १८८८ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाहून लाल ढालकिडे मागवायला सुरुवात झाली. पहिल्या काही खेपांत मिळून अवघे १२९ पोचले, आणि त्यांच्या वंशावळीने तो धंदा वाचवला. एवढं लांब कशाला? मागच्या अंगणातली पपई बघा. २००८ मध्ये पपईवरचा परदेशी मिलीबग कोइमतूरकडे दिसला आणि पुढे महाराष्ट्रापर्यंत पोचला. पपया पांढऱ्या पडल्या, तुतीची पानं गेली, लोकांनी सापडेल ते फवारलं, तो हटेना. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून ॲसरोफॅगस पपायी नावाची मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशीच्या कुळातली माशी आणली. ती मिलीबगच्या पोटात अंडं घालते, पुढचं काम तिचं पिल्लू करतं. थोड्याच काळात तो ढेकूण आटोक्यात आला. हे ऐकल्यावर मामा गप्प झाले. मग म्हणाले, "आणि आपण फवारलं की आधी ही माशी मरते." "आणि ढेकूण?" "तो मेणाखाली बसून राहतो." शेड्यूलवाल्या माणसाच्या तोंडून आलेलं हे वाक्य काकांनी तारखेसह नोंदवलं.

मग मोहिमेचं नवं धोरण ठरलं. ज्या फांद्या ढेकणांनी पूर्ण लिंपल्या होत्या त्या कापल्या. कापलेल्या फांद्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर भिरकावण्याची आमची जुनी प्रथा मोडली, कारण त्या प्लॉटवरून ढेकूण संध्याकाळपर्यंत मूळ मालकाकडे परत येतो. फांद्या काळ्या पिशवीत बांधून उन्हात टाकल्या. कोवळ्या शेंड्यांवरचा मावा पाण्याच्या जोरकस धारेने खाली पाडायचं ठरलं. पुस्तकात हा सगळ्यांत सोपा उपाय आहे, पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या नळाला दाब असावा. आमच्याकडे पाणी आल्यावर आधी टाकी, मग धुणं, मग माणसं, आणि माव्याची पाळी येईपर्यंत धारेची करंगळी झालेली. शेवटी गाडी धुण्याचा पंप कामी आला.

राहिला ठेकेदार. आंब्याच्या बागेत मिलीबगची पिल्लं झाडावर चढू नयेत म्हणून खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस फासतात. तोच उपाय मुंग्यांना. पट्टी आधी, ग्रीस तिच्यावर. सालीला थेट फासलं तर झाडाला इजा होते. अंबडमध्ये ग्रीससाठी दुकान शोधावं लागत नाही, पहिल्या शिफ्टहून परतणाऱ्या कोणाच्याही बाहीवर पुरेसं असतं. काकांनी पट्टी लावली, कडा तपासल्या, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी मुंग्या झाडावर होत्याच. तिसऱ्या दिवशीही. पुन्हा व्हाय-व्हाय. यावेळी पाचही 'का' नीट उतरले आणि शेवटच्या उत्तरावर काका थबकले: कपडे वाळत घालायची दोरी. तिचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं जास्वंदीला, आणि ती बांधलेली काकूंनी. मुंग्या खोड टाळून दोरीवरून, काकांच्याच लुंगीवरून, रांगेने येत होत्या. मूळ कारण सापडलं, ते दूर करण्याचा अधिकार मात्र काकांकडे नव्हता. आठवडाभर वाटाघाटी झाल्या. दोरी हलली. त्या बदल्यात काका कपडे वाळत घालतात.

जुलैत नाशिकचा पाऊस लागून राहिला. जोराच्या पावसाने मावा आणि ढेकणांची पिल्लं धुऊन जातात. हे पावसाला कोणी शिकवलेलं नाही, तो फक्त पडतो. काकांनी फवारणी बंद ठेवली होती. त्यांचा रोजचा वेळ भिंगाने पानं बघण्यात आणि वहीत आकडे मांडण्यात जाऊ लागला. किती ढेकूण, किती क्रिप्टो, किती मुंग्या. मारायला वेळच उरला नाही. शेतीच्या भाषेत एक मर्यादा असते, आर्थिक नुकसान पातळी. तिच्या आत कीड असेल तर फवारणीचा खर्च किडीने केलेल्या नुकसानीपेक्षा जास्त, म्हणून हात बांधून बसायचं. गृहस्थाला हात बांधून बसता येत नाही. त्याला काहीतरी केल्याचं समाधान लागतं, आणि बाजार ते समाधान बाटलीत भरून विकतो. वही मात्र त्या मानाने स्वस्त. तिचा वास नाही, रेसिड्यू नाही, आणि ती कढीपत्त्यातून पोह्यांत उतरत नाही.

गणपतीच्या तोंडावर जास्वंद लाल फुलांनी लगडली. मंडळाच्या बैठकीत श्रेयाचा विषय निघाला, आणि ढेकणांवर झालं नव्हतं एवढं युद्ध त्यावर झालं. काकांनी वही उघडून आलेख दाखवला आणि सांगितलं की हे मॉनिटरिंगमुळे झालं. मामा निफाडहून खास आले होते. त्यांच्या मते ही एप्रिलच्या एका फवारणीची कमाल, जी वहिनींनी करू दिली नव्हती, पण तिची नुसती भीतीही पुरते. दशपर्णीवाल्या काकूंनी शांतपणे विचारलं की महिनाभर वास कोणी सोसला? सातवीतल्या नातीने पाऊस आणि क्रिप्टो ही दोन नावं सुचवली. अध्यक्षांनी ती सभासद नसल्याने विचारात घेता येत नाहीत असा निर्णय दिला आणि तिघांचा नारळ, शाल देऊन सत्कार करण्याचा ठराव मंजूर झाला.

आयत्या वेळच्या विषयात गल्लीत नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "ढेकूण गेले, फार छान झालं. पण हल्ली त्या जास्वंदीवर नारिंगी डोक्याचे काळे किडे फार वाढलेत. वेळीच लक्ष द्या. त्यांच्यावर काहीतरी स्ट्राँग मारायला पाहिजे."